अर्धा लाडू

विनया तीन मजले चढून वर आली तेव्हा तिची खुर्ची दाराबाहेर मांडलेली होती. लाकडी दार सताड उघडं होतं, पण जाळीच्या दाराला आतून कडी होती. जाळीपासून चांगली दोन हात मागे ती पांढरी प्लास्टिकची खुर्ची, आणि कठड्यावर तिचा वेगळा पेला, पाणी भरून झाकून ठेवलेला.

"बस वहिनी," अर्पिता आतून म्हणाली. "दम खा जरा."

विनयाने मास्क नीट केला आणि ती बसली. तेवढ्यात आतून निहार धावत आला. धावत म्हणजे त्याच्या पद्धतीने, पोट पुढे काढून, चवड्यांवर डुलत. त्याने जाळीला नाक लावलं.

"आई! अंदर आओ ना!"

विनयाने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मागे हो राजा. अजून नाही यायचं."

"सोवळं पाहिलं, सुतक पाहिलं," स्वयंपाकघरातून ठकूबाईंचा आवाज आला. "पण आईनं पोटच्या पोराला शिवायचं नाही, हे काही आजवर ऐकलं नव्हतं बाई."

"आई, परत सुरू करू नकोस," अर्पिता म्हणाली.

"मी कुठं काय म्हणते? ऐकलं नव्हतं एवढंच म्हटलं."

निहारला उचलून अर्पिताने मागे नेलं. त्याच्या पोटऱ्या हाताला दगडासारख्या लागल्या. पाच वर्षांच्या पोराच्या इतक्या भरीव पोटऱ्या बघून लोक कौतुकाने म्हणत, पैलवान होणार हो. तीन वर्षांपूर्वी थोरल्या राजवीरबद्दलही असंच म्हणत होते. ते बळ नव्हतं. स्नायू मरत होते आणि त्यांच्या जागी चरबी नि चिवट धागे भरत होते. डुशेन. दोन्ही भावांना एकच आजार, जनुकातला एकच तुकडा गायब.

राजवीरला औषध मिळून पंधरवडा होत आला होता. दक्षिण दिल्लीतल्या त्या मोठ्या इस्पितळातल्या चाचणीत त्याचा नंबर लागला, एकदाच शिरेतून औषध दिलं गेलं आणि तो कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टरवर परत आला. निहारचा नंबर पुढच्या गटात होता. पण औषध एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसून शरीरात जातं, आणि घेतलेल्या माणसाच्या थुंकीतून, लघवीतून, शौचातून तो विषाणू काही आठवडे थोडाथोडा बाहेर पडत राहतो. बाकीच्यांना त्याचं काही नाही. निहारला मात्र होतं. त्याच्या शरीराने तो विषाणू आधीच ओळखला, त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या, तर औषध आत शिरायच्या आधीच मारलं गेलं असतं. म्हणून डॉक्टरांनी घर दोन ठिकाणी वाटून दिलं होतं. राजवीर, विनया आणि आबा क्वार्टरवर. निहार आणि आजी इथे मयूर विहारला, अर्पिताच्या फ्लॅटमध्ये. इकडचं माणूस तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही.

आज अकरा वाजता निहारचं रक्त घ्यायला माणूस येणार होता. त्याआधी डॉ. प्रणिता फोन करणार होत्या. आईवडील दोघांनी हजर राहावं, काही प्रश्न विचारायचे आहेत, असा निरोप होता. त्यासाठी विनया द्वारकेच्या बाजूने मेट्रोत बसून आख्खी दिल्ली ओलांडून आली होती, आणि महेश जम्मूहून रजा घेऊन पहाटेच्या गाडीने उतरला होता. त्याची हिरवी बॅग अजून हॉलमध्ये तशीच पडली होती.

"रक्त घेऊन झालं की मी क्वार्टरवर जातो," महेश म्हणाला. दाढी करून आल्यामुळे त्याची हनुवटी निळसर दिसत होती. "राजवीरला बघितलंच नाही मी अजून."

"गेलास तर जा," अर्पिता म्हणाली. "पण मग परत इथे यायचं नाही."

"काय यार अपू! आंघोळ करून येईन."

"दादा, नाही."

"म्हणजे मी कुठल्या पोराचा बाप, ते आज ठरवायचं?"

जाळीपलीकडून विनया म्हणाली, "अहो, ती तुमच्याच पोरासाठी सांगतेय."

"तू तिचीच बाजू घेणार," महेश म्हणाला. पण तो बसला.

अर्पिताला वाईट वाटलं, तरी तिने शब्द मागे घेतला नाही. नोएडातल्या प्रयोगशाळेत दिवसभर पेशी सांभाळणाऱ्या मुलीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दूषित झालेली पेशींची बशी दिसायला स्वच्छच असते.

घरात हे सगळं समजावून द्यायचं काम तिच्याकडेच आलं होतं. सगळ्यात लवकर समजलं ते आबांना. तिचे वडील हिंदुराव, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. जनुकातली अक्षरं तीन-तीनने वाचतात असं तिने सांगितलं, आणि त्यांनी मांडीवर थाप मारली होती. "म्हणजे परेड! तीनों-तीन में!" बरोबर, ती म्हणाली होती. आपल्या पोरांच्या लायनीतली बावन्नावी तुकडी गळली आहे. ती गळताना तीनचा हिशेब मोडला, म्हणून मागची सगळी लाइन सरकली आणि पुढचं काही वाचताच येईना. स्नायूला सांधून ठेवणारं प्रथिन बनतच नाही. एक औषध असं आहे, की ते त्रेपन्नाव्या तुकडीलाही झाकून टाकतं. दोन तुकड्या मिळून गेल्या की मागचे परत तीन-तीनमध्ये उभे राहतात. प्रथिन आखूड बनतं, पण बनतं. ते आठवड्याच्या आठवड्याला शिरेतून घ्यावं लागतं, आणि ज्याची नेमकी तीच तुकडी गळलीय त्यालाच लागू पडतं. दुसरं औषध हे चाचणीतलं. जुनी लाइन तशीच सोडून द्यायची आणि विषाणूच्या पाठीवरून नवी, छोटी पलटण आत पाठवायची.

"आणि ही पलटण एकदाच?" आबांनी विचारलं होतं.

"एकदाच. नंतर शरीर तिला ओळखतं. परत गेली तर गोळ्याच झेलणार."

साडेदहाच्या सुमारास आबांचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीप्रमाणे पडद्यावर आधी नुसतं कपाळ दिसलं.

"हॅलो! पोचली का सूनबाई? माणूस आला का रक्ताचा?"

"आबा, फोन खाली करा. तुमची टोपीच दिसतेय."

फोन हलला आणि राजवीर दिसला. स्टेरॉइडने गाल फुगून डोळे बारीक झाले होते. महेश घाईने पुढे सरकला.

"पप्पा! तुम्ही आलात?"

"आलो रे वाघा. कसा आहेस?"

"उलटी बंद झाली. पप्पा, निहार कुठाय? ए निहार, माझा लाडू खाल्लास ना? हाफ वाला?"

"खाल्ला," निहार आत्याच्या मांडीवरून म्हणाला. "आजीने दिला. मस्त था."

"मी तोडून दिला होता. इधर से, देख!" राजवीरने ओठ वर करून पडलेल्या दाताची खिंड दाखवली आणि तो खूश होऊन हसला.

मग आबांनी, बरं ठेवतो, त्याची औषधाची वेळ झाली, असं म्हणून फोन ठेवला. खाली भाजीवाला मटार-मटार ओरडत होता.

"कुठला लाडू?" महेशने विचारलं.

अर्पिताने निहारला खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत त्याच्या गाड्यांकडे पाठवलं.

"तो होय!" ठकूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तो इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या दिवशीचा. मी तेव्हा क्वार्टरवरच नव्हते का? त्यानं अर्धा तोडून दिला, मी रुमालात बांधून आणला. दोघं भाऊ कायमच अर्धाअर्धा खातात, तुम्हाला माहिती नाही का?"

"औषधाच्या आधीचा?"

"आधीचा, आधीचा. आता काय कॅलेंडर आणून दाखवू?"

महेशने मोठा श्वास सोडला आणि कपाळावरून हात फिरवला. "घाबरवून सोडलंत राव."

अर्पिता जाळीकडे बघत होती. विनयाने मान खाली घातली होती आणि ती उजव्या हाताच्या अंगठ्याने डाव्या मनगटाजवळचा एक डाग चोळत होती. आता तो तांबूस झाला होता. संक्रांतीच्या दिवशी त्याच जागी पाण्याने भरलेला फोड होता. सोसायटीच्या फाटकाशी विनयाने हात लांबवून डबा दिला तेव्हा अर्पिताने विचारलं होतं, काय गं हे? विनया म्हणाली होती, काल गुळाचा पाक उडाला, लाडू वळायला रात्रच झाली.

आणि तो डबा अर्पितानेच वर आणला होता. जिन्यात थांबून स्पिरिटने पुसला होता. झाकण, तळ, कडा, सगळं दोनदा. बाहेरून.

"आई," ती म्हणाली, "भरतीच्या आदल्या दिवशी घरात लाडू नव्हते."

"होते."

"संक्रांतीच्या इतक्या आधी? तू तर भोगीच्या आधी तिळाला हात लावू देत नाहीस कुणाला."

"बाजारचा असेल मग! तू काय माझी उलटतपासणी घेतेस? पोरगी आहेस का फौजदार?"

"अपू, बस झालं," महेश म्हणाला. "आई सांगतेय ना. रक्त तपासणारच आहेत. रिपोर्ट क्लीन आला की विषय संपला. तारखेचं काय घेऊन बसलीस?"

"तारखेवरच सगळं आहे दादा." आपला आवाज चढतोय हे तिला कळत होतं. "तू रात्री गस्त घातलीस, सगळं शांत दिसलं. म्हणजे कुंपण तुटलं नाही असं होतं का? अँटिबॉडी लगेच दिसत नाहीत. आज रिपोर्ट चांगला येईल आणि ऐन औषधाच्या दिवशी त्या भरपूर झालेल्या असतील. औषध वाया जाईल ते जाईलच. शरीर त्या विषाणूवर तुटून पडलं तर लिव्हर जाऊ शकतं, हृदयाला धक्का बसू शकतो. खोटी तारीख सांगून आपण त्याला त्यात ढकलणार का?"

"खोटी म्हणजे?" महेश उभा राहिला. "आई खोटं बोलतेय?"

ठकूबाईंनी लेकीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. गप्प बस एवढंच होतं, विनवणीच्या जवळ जाणारं.

"संक्रांतीचा लाडू आहे तो," जाळीपलीकडून विनया म्हणाली.

तिने मास्क खाली ओढला होता. "भोगीच्या रात्री मी वळले. सकाळी राजवीरला एक दिला. त्यानं अर्धा तोडला आणि म्हणाला, हा निहारचा, त्याला दे. मी डब्यात ठेवला. मी सगळं केलं हो. हातमोजे घातले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्याला डायपर लावले, ते दोन पिशव्यांत बांधले. टॉवेल उकळले, बादली वेगळी, साबण वेगळा. हात धुऊन धुऊन कातडी गेली माझी. आणि त्यानं तोंडातनं काढून हातात दिला, तर मी... माझ्या डोक्यातच आलं नाही. उष्टं असं वाटलंच नाही मला ते. आजही नसतं आठवलं, तो बोलला नसता तर."

"विनया!" महेशची मूठ टेबलावर आदळली. चमचे उडाले. "तिथे सीमेवर मी रात्र-रात्र जागून तुम्हाला फोन करतो, काळजी घ्या, काळजी घ्या, आणि तू... एक काम होतं तुला! एक!"

"आवाज खाली," ठकूबाई म्हणाल्या.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"पडणार. डबा उघडला कुणी? मी. दाताच्या खुणा बघितल्या कुणी? मी. ही पोर तीन रात्री झोपली नव्हती, तिच्या डोक्यात नाही आलं. माझ्या आलं होतं."

अर्पिता दचकली. "आई?"

"आलं होतं. मनात म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय. भावाचं उष्टं भावाला बाधत नाही. निहार दोन दिवस दादा दादा करून जेवत नव्हता. दिला मी." त्या महेशसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या छातीइतक्याच होत्या. "ओरडायचंय ना? माझ्यावर ओरड. तिच्यावर नाही. मी आणलीय तिला, भावाच्या दारातनं. नात्यातली केली म्हणून पोरं अशी झाली, असं सगळी भावकी म्हणाली तेव्हा तू कुठं होतास? गप्प होतास. मीही गप्प होते."

"आई, ते तसं नसतं," अर्पिताच्या तोंडून सवयीने गेलं. "हा दोष मामाकडून, म्हणजे वहिनीच्या वडिलांकडून, येऊच शकत नाही. मामाला असता तर तो स्वतः आजारी..."

"माहितीय मला. दोनदा सांगितलंस. तेव्हाच कळलं. पण कळल्यावर मी हिला एकदा तरी म्हटलं का, की बाई, तुझ्यामाझ्या रक्तात काही नव्हतं? नाही म्हटलं. आज म्हटलं, निदान हिच्यावर हे बोलायची वेळ येऊ नये. तर तू आडवी आलीस."

आपण बरोबर आहोत हे अर्पिताला माहीत होतं, आणि त्याचा काडीचाही आधार वाटत नव्हता.

फोन वाजला. डॉ. प्रणिता.

तिघांनीही पडद्याकडे बघितलं. महेशने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"अपू," विनया म्हणाली, "स्पीकर लाव. जाळीजवळ धर. मी बोलते."

अर्पिताने फोन जाळीला टेकवला. पलीकडे विनया खुर्चीतून उठली, पण पुढे आली नाही. दोन हात अंतर राखून उभी राहिली.

"नमस्ते मॅडम. निहार की मम्मी बोल रही हूँ. आप पूछो उससे पहले मुझे कुछ बताना है. संक्रांत को राजवीर का जूठा लड्डू निहार ने खाया है. आधा. दवाई के बाद तीसरे दिन. मैंने भेजा था."

प्रणिताबाईंनी शांतपणे एकेक विचारलं. किती वेळ गेला होता मध्ये? दुसरं काही? पेला, टॉवेल, कपडे? विनया उत्तरं देत गेली. एकाही उत्तरात तिने स्वतःला सवलत दिली नाही.

"अच्छा किया बता दिया," शेवटी डॉक्टर म्हणाल्या. "हो सकता है कुछ भी ना हुआ हो. आज का सैंपल लेंगे, लेकिन सिर्फ उसके भरोसे नहीं चलेंगे. चार हफ्ते बाद दोबारा. तब तक दोनों बच्चे बिल्कुल अलग. और देखिए, ग्रुप उसके लिए रुकेगा, ऐसा वादा मैं नहीं कर सकती."

"और अगर अँटिबॉडी निकली तो?" महेशने विचारलं. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

"तो ये रास्ता उसके लिए बंद. दूसरी वाली दवा, जो एक्झॉन, यानी वो एक टुकड़ा, छोड़ देती है, वो वायरस पर नहीं जाती. उसमें अँटिबॉडी का झगड़ा नहीं है. हर हफ्ते लेनी होगी, मिलेगी कब और कैसे, वो अलग लड़ाई है. पर आज से मत लड़िए. पहले खून लेने दीजिए."

रक्त घेणारा माणूस आला तो विनयाला वळसा घालून, अर्पिताने कडी काढल्यावर आत गेला. निहार रडला. महेशने त्याला छातीशी धरलं होतं आणि तो पोराच्या कानात काहीतरी पुटपुटत होता, तीनों-तीन, तीनों-तीन असलं काहीतरी, आबांच्या परेडमधलं. जाळीतून विनया बघत होती. तिचे दोन्ही हात परत पाठीमागे गेले होते.

माणूस गेला. दार पुन्हा लागलं. आता निघायला हवं होतं, राजवीरच्या दुपारच्या औषधाआधी पोचायचं होतं, पण विनया खुर्चीवर बसून राहिली. तिचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. महेश जाळीपर्यंत गेला, कडीवर हात ठेवला, आणि वळून बहिणीकडे बघितलं.

अर्पिताने मान हलवली. नाही.

तो कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"माझी पिशवी कुठाय?" ठकूबाईंनी विचारलं.

"कसली पिशवी?"

"कपड्यांची. दोन लुगडी टाक, माझी बीपीची गोळी टाक. शाल वरच ठेव, गार आहे बाहेर." त्या चपला शोधू लागल्या. "महेश, तुझी रजा किती का असेना, तू इथं थांबायचंस. निहारला वरण-भात कालवून लागतो. मूद दिसली तर जेवत नाही."

"आई, तिकडे गेलीस तर चार आठवडे इकडे येता येणार नाही," अर्पिता म्हणाली. "निहारला भेटता येणार नाही."

"मला नियम सांगू नकोस. मीच मोडलाय, मला पाठ आहे."

"राजवीरला मी..." महेशने कडीवरचा हात काढला.

"राजवीरला सांगते, बाप आलाय आणि लहान्याजवळ आहे. तो मोठा आहे. समजेल."

त्यांनी आतल्या खोलीत जाऊन निहारचा मुका घेतला, मग दुसरा घेतला. बाहेर आल्या. अर्पिताने पिशवी दिली. आईच्या बोटांचा स्पर्श झाला तेव्हा तिला काहीतरी बोलायचं होतं, पण ठकूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "बरोबर केलंस तू. मला आवडलं नाही, ते वेगळं."

त्यांनी स्वतःच कडी काढली. पलीकडे पाऊल टाकलं, वळल्या, आणि अर्पिताने आतून कडी घालेपर्यंत थांबल्या. कडी पुरती बसल्याचं जाळीतून बघून घेतलं.

मग त्या खुर्चीशी गेल्या. विनयाने सवयीने हात मागे ओढले.

"आत्या, नको, मला शिवू नका, तुम्हाला निहारला घ्यायचं..."

"आता नाही घ्यायचं मला कुणाला," ठकूबाई म्हणाल्या, आणि तिचा तो भाजलेला हात पाठीमागून ओढून दोन्ही हातांत घेतला. कठड्यावरचा पेला उचलला. त्यातलं अर्धं पाणी भाचीला पाजलं. उरलेलं तोंड लावून स्वतः प्याल्या.